मोस्ट वाँटेड (२००५) सारखा गेम परत का झाला नाही?

रॉकपोर्टवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतोय. मध्ये मी फोर्झा होरायझन ५ घेतला. गेम जबरदस्त आहे, त्याला नावं ठेवायला मी इथे आलेलो नाही. मेक्सिकोचा एवढा मोठा मॅप, ज्वालामुखी, वाळूची वादळं, ग्वानाह्वातोच्या रंगीत गल्ल्या, गाड्या तर पाचशेच्या वर. सुरुवातीला रोज रात्री जेवण झालं की बसायचो. मग हळूहळू लक्षात आलं की मी गेम उघडतो, मॅप उघडतो, एखाद्या आयकॉनवर जातो, रेस करतो, बंद करतो. मधला रस्ता कुठला, आजूबाजूला काय होतं, काहीच आठवत नाही.

आणि शनिवारी रात्री मी पुन्हा लावतो तो नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेडच. २०१२ चा नाही, २००५ चा, ईएच्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओने केलेला. त्यातल्या रॉकपोर्ट शहरात रोझवूडपासून कॅम्डनपर्यंत कुठला रस्ता कुठे वळतो, पेट्रोल पंप कुठे, कुठल्या पुलाखाली घुसता येतं, सगळं हाताला पाठ आहे.

आता लोक म्हणतील की लहानपणीचा गेम म्हणून आवडतो. मला ते पटत नाही, कारण त्याच मालिकेतला अंडरग्राउंड २ सुद्धा मी तेवढाच खेळलोय, तेव्हा तो मला जास्तच आवडायचा, पण मध्ये परत लावला तर तासाभरात कंटाळलो. मोस्ट वाँटेडचं तसं होत नाही. म्हणजे त्या गेममध्येच काहीतरी आहे जे नंतर कोणाला नीट जमलेलं नाही. ते नेमकं काय, हे मला समजून घ्यायचंय. ज्यांनी मन लावून खेळलाय त्यांनी सविस्तर लिहा, "लेजंड गेम भाऊ" एवढंच लिहून जाऊ नका.

हँडब्रेक_सातारा

भावा पोलीस. उत्तर एका शब्दात पोलीस. पण सविस्तर म्हणालास म्हणून लिहितो.

बाकीच्या गेममध्ये पोलीस म्हणजे एक अडथळा असतो, मागे लागतात, धडकतात, तू लांब गेलास की संपलं. इथे पाठलागाला सुरुवात, मध्य, शेवट असतो. आधी एकच साधी गाडी मागे लागते, तू हसतखेळत पळतोस, मग दुसरी, मग चार, मग हीट, म्हणजे पोलीस किती जोरात मागे लागलेत त्याची पातळी, वाढत जाते तशा पॉन्टिॲक जीटीओ येतात, समोरून रस्ता अडवतात, टायर फोडायच्या काटेरी पट्ट्या टाकतात, त्या ऱ्हायनो नावाच्या जाडजूड एसयूव्ही उलट्या दिशेने थेट अंगावर येतात, वर हेलिकॉप्टर, आणि हीट ५ ला कॉर्व्हेट घेऊन येतात तेव्हा त्यांना निव्वळ वेगाने मागे टाकायचा विचारच सोडून द्यायचा, तिथे डोकंच लावावं लागतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे वायरलेस. पोलीस एकमेकांशी बोलतात ते तुला ऐकू येतं, तू कुठल्या रस्त्याला आहेस, कुठल्या दिशेने चाललायस, मग कोणीतरी रोडब्लॉक मागतो, कंट्रोल रूम हो म्हणते, आणि तुला कळतं की पुढच्या वळणानंतर काहीतरी उभं असणार. आता तू ठरवायचं, हायवे सोडायचा की तसंच घुसायचं. घुसायचं असेल तर स्पीडब्रेकरचं बटण दाबून वेळ संथ करायचा आणि आडव्या उभ्या पोलीस गाडीच्या डिकीच्या बाजूला ठोकायचं, इंजिनच्या बाजूला नाही, मागची बाजू हलकी असते, गाडी फिरून बाजूला होते आणि तू पार. हे गेम कुठे शिकवत बसत नाही, ठोकून ठोकूनच कळतं.

आमच्याकडे एसटी स्टँडजवळच्या कॅफेत एक जण खेळायचा आणि मागे चार जण उभे असायचे. रेस चालू असेल तर कोणी बघत नसे. पाठलाग सुरू झाला की सगळे गोळा, "डावीकडे घे, पंपात घाल" असा आरडाओरडा. अख्खं कॅफे एका पाठलागात अडकलंय हे मी दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या गेममध्ये पाहिलं नाही.

मृण्मयी_पिक्सेल

हँडब्रेक दादांचं पोलिसांबद्दल शंभर टक्के बरोबर, पण मला त्याच्या खाली अजून एक थर दिसतो. मी गेम डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे जरा त्या बाजूने लिहिते.

मोस्ट वाँटेडमध्ये पळून जाणं हे तुमचं कामच आहे. ब्लॅकलिस्टवर, म्हणजे एकेक करून हरवायच्या रेसरच्या यादीत, १५ जण, सगळ्यात खाली सनी त्याच्या गोल्फ जीटीआयमध्ये, सगळ्यात वर रेझर. पुढच्या माणसाला आव्हान द्यायचं तर फक्त रेस जिंकून चालत नाही, ठरावीक बाउंटी, म्हणजे पोलिसांना सतावून वाढवायचं डोक्यावरचं इनाम, जमवावी लागते आणि माइलस्टोन पूर्ण करावे लागतात, म्हणजे एकाच पाठलागात इतक्या पोलीस गाड्या फोडा, इतका वेळ टिकून दाखवा, सरकारचं इतकं नुकसान करा. त्यामुळे पोलीस मागे लागले की खेळाडू चिडत नाही, तो मनात म्हणतो चला, आता कमाई. पण बाउंटी तेव्हाच पदरात पडते जेव्हा तुम्ही सुटता. त्यामुळे पाठलागाच्या ऐन मध्यावर तुमचं तुमच्याशीच भांडण सुरू होतं, की आता सटकू, की अजून दोन गाड्या फोडू. हे भांडण म्हणजेच तो गेम.

आणि पकडले गेलात तर खरंच काहीतरी जातं. दंड तर भरावा लागतोच, पण त्या गाडीच्या नावावर एक स्ट्राइक लागतो, स्ट्राइक भरले की गाडी जप्त. हीट सुद्धा तुमच्यावर नसून त्या त्या गाडीवर असते, म्हणून एक गाडी तापली की दुसरी काढायची किंवा पहिलीचा रंग, बॉडीकिट बदलायचं, की हीट उतरते. विचार करा, रंग बदलणं ही एरवी निव्वळ हौस असते, इथे तिला कारण आहे. गॅरेजमध्ये दुसरी गाडी ठेवण्याला कारण आहे. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला बांधलेली आहे.

नंतरच्या गेममध्ये या गाठी सुटत गेल्या. २०१२ च्या मोस्ट वाँटेडमध्ये बहुतेक गाड्या शहरात नुसत्या उभ्या असतात, जवळ जा, बसा, चालवा. तो बनवणाऱ्या क्रायटेरियन स्टुडिओने ते मुद्दामच केलं, कोणालाही कुठलीही गाडी पटकन चालवता यावी म्हणून, आणि चालवायला तो गेम छानच आहे. पण जी गाडी मला रस्त्यावर सापडली ती मी का जपावी? २००५ मध्ये ब्लॅकलिस्टवाल्याला हरवल्यावर बक्षिसांच्या मार्करमधून निवड करायची असायची, त्यात काही मार्कर झाकलेले, आणि त्यातून समोरच्याच्या गाडीचे कागद निघाले तर काय आनंद व्हायचा! मला एकदा मिंगची गॅलार्डो मिळाली होती, ती मी शेवटपर्यंत विकली नाही.

पॅराडाइज_प्रथमेश

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मोस्ट वाँटेड मलाही आवडतो, पण तोड नसलेला गेम म्हणायचं तर माझं मत बर्नआउट पॅराडाइजला, २००८.

रॉकपोर्टवाला, तू म्हणतोस शहर पाठ होतं. पण मोस्ट वाँटेडच्या रेसमध्ये शहर कुठे असतं? दोन्ही बाजूंना बाणांच्या चमकत्या भिंती, एकही गल्ली मनाने घेता येत नाही, थोडेफार शॉर्टकट सोडले तर बंद ट्रॅकच तो. पॅराडाइज सिटीत कुठल्याही सिग्नलला थांबून दोन्ही पेडल दाबले की तिथून इव्हेंट सुरू, रेस शहराच्या आठ ठिकाणांपैकी कुठेतरी संपणार, मधला रस्ता तुझा तू शोध. कुठलीही भिंत नाही. चुकलास तर डोंगराकडे गेलास आणि हरलास. वर ४०० पिवळे गेट, १२० होर्डिंग, ५० मोठ्या उड्या, हे सगळं शोधता शोधता ते शहर खरंच अंगात भिनतं. ठरलेल्या ठिकाणी उडी मारून पोचायची सोय नाही, गाडी चालवतच जायचं.

दुसरं म्हणजे मोस्ट वाँटेडची रबर बँड. तू कितीही छान चालव, मागचा शेवटच्या वळणावर चिकटतोच, आणि तू धडकलास की पुढचे हळू होतात. रेझरच्या रेसमध्ये तर हे इतकं उघड दिसतं की जिंकण्यातली मजा जाते. ड्रायव्हिंग म्हणून बघायला गेलं तर फोर्झा त्याच्या कितीतरी पुढे आहे, गाडीचं वजन, टायरची पकड, पावसातला फरक हे सगळं हाताला जाणवतं.

रॉकपोर्टवाला

प्रथमेश, राग कसला, असंच काहीतरी हवं होतं. रेसमधल्या भिंतींचं तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि पॅराडाइजचं डिझाइन त्या बाबतीत सरस आहे यात वादच नाही. रबर बँडचं पण मान्य.

पण तुझं वाचताना मला माझंच उत्तर थोडं सापडलं. मी रॉकपोर्ट रेसमध्ये शिकलोच नाही, पळताना शिकलो. रेस संपते, पण रेसमध्ये मागे लागलेले पोलीस संपत नाहीत, फिनिश लाइन ओलांडली, बक्षीस मिळालं, भिंती गायब झाल्या आणि मागे सहा गाड्या तशाच. तिथून पुढे कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. मग मिनीमॅपवरचा तो त्रिकोण शोधायचा, म्हणजे पर्स्यूट ब्रेकर. डोनटच्या दुकानावरचा तो भलामोठा डोनट, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, बांधकामाची परांची, यांना धडकून निघालं की सगळं मागच्या पोलिसांवर कोसळतं. म्हणजे प्रत्येक परिसरात तुझी ठरलेली हत्यारं आहेत, फक्त कुठे काय आहे ते लक्षात पाहिजे. एकदा वापरलं की त्या पाठलागात ते गेलं, मग पुढचं आठव.

आणि त्यानंतर कूलडाऊन. मला विचारशील तर अख्ख्या गेमचा जीव त्यात आहे. पोलिसांना तू दिसत नाहीस, पण ते आसपास फिरतायत, खालची पट्टी हळूहळू भरतेय. लपायच्या जागेत जाऊन थांबलास तर लवकर भरते. गाडीच्या गेममध्ये गाडी बंद केल्यासारखी उभी करायची आणि श्वास रोखून समोरच्या रस्त्याने एक पोलीस गाडी जाताना बघायची, हे किती विचित्र आणि किती भारी आहे! पॅराडाइजमध्ये शहर मला हवं तसं मिळतं, ती मोकळीक आहे. रॉकपोर्टमध्ये मला शहराची गरज पडते. मला वाटतं माझ्यासाठी फरक तो आहे.

पप्पूमामा_नाशिक

माझा भाचा नववीत आहे. घरी चांगला कन्सोल आहे, नवीन सगळे गेम आहेत. सुट्टीत माझ्याकडे आला तेव्हा माझ्या जुन्या पीसीवर हा गेम दिसला. आधी म्हणाला मामा हे पिवळं पिवळं काय आहे सगळं. ते खरंच आहे, गेमला तो सोनेरी पिवळा रंग आहे, पानगळीचे दिवस, तिरकं ऊन, ओले रस्ते. अंडरग्राउंडचे दोन्ही भाग रात्रीचे होते आणि इथे एकदम दिवस आला, तेव्हा आम्हाला ते किती वेगळं वाटलं होतं. आता बाकी ग्राफिक्स जुने झाले पण तो उजेड अजून छान वाटतो, पाच मिनिटांत भाच्याने तक्रार बंद केली.

मला जे बघायला मिळालं ते सांगतो. त्याला लहानपणीची आठवण वगैरे काही नाही, हा गेम आला तेव्हा त्याचा जन्मही नव्हता. तरी पहिल्याच दृश्यात तो अडकला. कारण गेम तुम्हाला आधी ती निळी चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर चालवायला देतो, सगळ्यात भारी गाडी, आणि मग रेझर तिच्यात गडबड करून रेस जिंकतो आणि तीच गाडी घेऊन जातो. त्यानंतर तुम्ही साध्या गाडीत बसून पहिल्यापासून सुरू. भाचा म्हणाला "मामा, ही गाडी मी परत घेणार." बस, तिथून पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. नवीन गेम पहिल्या तासात तीन सुपरकार बक्षीस देतात, त्याला त्यांची नावंही मला सांगता आली नाहीत.

रेझरचं ते तोऱ्यात बोलणं, आपल्याला मदत करणारी मिया, मागे लागलेला पोलीस सार्जंट क्रॉस, खरे नट घेऊन केलेले ते प्रसंग, थोडे नाटकी आहेत, पण राग येतो ना त्या रेझरचा! गेममधल्या माणसाचा राग येणं मोठी गोष्ट आहे.

बूस्ट_अँड_भेळ

कोणी नीड फॉर स्पीड हीटचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय, २०१९ चा. मला वाटतं इतक्या वर्षांत मोस्ट वाँटेडच्या जवळ जाणारा तोच. दिवसा कायदेशीर रेस, पैसे मिळतात. रात्री बेकायदा रेस, तिथे रेप्युटेशन म्हणजे नाव मिळतं, आणि जितकी हीट जास्त तितकं ते गुणलं जातं, पण सेफहाऊसला पोचायच्या आधी पकडलं गेलात तर ते गुणलेलं सगळं पाण्यात. मृण्मयी म्हणतात ते "अजून थोडं की आता सटकू" इथे आहे, आणि चांगलं आहे.

मग कुठे कमी पडतो? माझ्या मते दोन गोष्टी. एक तर गाडीला हेल्थची पट्टी दिली. पोलीस दोनचारदा जोरात धडकले की गाडी खलास, पेट्रोल पंपातून गेलं की दुरुस्त होते पण रात्रीत तीनदाच. त्यामुळे पोलिसांशी दोन हात करायची मजा गेली, तुम्ही फक्त पळता. मोस्ट वाँटेडमध्ये गाडीला ओरखडे आले तरी ती मरत नाही, पकडायचं तर पोलिसांना तुम्हाला घेरून थांबवावं लागतं. तुम्ही अडकलात, बस्टेडची लाल पट्टी भरत चाललीय, तरी रिव्हर्स टाकून, नायट्रो मारून शेवटच्या क्षणी निसटता येतं. त्या निसटण्याला तोड नाही. दुसरं म्हणजे हीटच्या पाम सिटी शहरात पर्स्यूट ब्रेकरसारखं काही नाही, म्हणून रॉकपोर्टवाला म्हणतोय ती शहराची गरज पडत नाही, उडी मारायची आणि लांब जायचं एवढंच.

मृण्मयी_पिक्सेल

बूस्ट, हेल्थ पट्टीचा मुद्दा अगदी नेमका पकडलात. पट्टी असली की खेळाडू हिशेब करतो, घेराव असला की खेळाडू जागा शोधतो. दोन्हीत ताण आहे, पण दुसऱ्यात हाताला काम जास्त आहे.

अजून एक भर घालते. आताचे मोठे गाड्यांचे गेम वर्षानुवर्षं चालू राहावे म्हणून बनवतात, दर आठवड्याला नवीन काहीतरी, नवी गाडी, नवा इव्हेंट. अशा गेमला शेवट परवडत नाही आणि हरणंही परवडत नाही, कारण हरलेला माणूस उद्या परत आला नाही तर? मोस्ट वाँटेड एकदा विकला की विकला, म्हणून त्याला कठोर व्हायची मुभा होती, आणि शेवट करायचीही. रेझरला हरवून ती एम३ परत मिळते आणि लगेच अख्खं रॉकपोर्ट पोलीस मागे लागतं, क्रॉस स्वतः, हीट कधी नव्हे ती ६, आणि मग मियाचा फोन, तो अर्धवट तुटलेला जुना पूल. पंधरा जणांना मागे टाकून इथवर आलेल्या माणसाला ती उडी किती मोठी वाटते! असा शेवट दर आठवड्याच्या गेममध्ये ठेवायचा कुठे?

पॅराडाइज_प्रथमेश

हे मात्र पटलं. पॅराडाइजला तसा शेवट नाही, लायसन्स मिळत जातं आणि मग आपण फिरत राहतो. मला ते आवडतं पण रेझरसारखी धग तिथे नाही हे खरं.

कायम ऑनलाइन गेमचं अजून एक वाईट वाटतं. द क्रू या ऑनलाइन रेसिंग गेमचे सर्व्हर मार्च २०२४ मध्ये बंद झाले आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांचाही गेम गेला, एकट्याने खेळायची सुद्धा सोय राहिली नाही. अख्खी अमेरिका छोटी करून बसवली होती त्यात, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला गाडीने जाता यायचं. तो मॅप आता अधिकृतपणे कुठेच नाही. मोस्ट वाँटेडची डिस्क ज्याच्याकडे आहे तो आजही खेळू शकतो.

बाय द वे, आता हा गेम खेळायचा तर मिळतो कुठे? मला या सगळ्या चर्चेनंतर परत लावावासा वाटतोय.

हँडब्रेक_सातारा

प्रथमेश, स्टीमवर किंवा ईएच्या ॲपवर तो विकायला नाही, शोधत बसू नकोस. गाड्यांची आणि गाण्यांची लायसन्सं ठरावीक मुदतीची असतात, त्यामुळे असे जुने गेम दुकानात परत आणणं कंपन्यांना अवघड जातं. जुनी मूळ डिस्क कोणाकडे मिळाली तर घे, सेकंडहँडमध्ये अधूनमधून दिसते. ब्लॅक एडिशन मिळाली तर अजून चांगलं, त्यात काही जास्तीच्या गाड्या आहेत.

लॅपटॉपची काळजी करू नकोस, हा गेम २५६ एमबी रॅमवर चालायचा, म्हणूनच तर आपल्याकडे कॅफेत आणि घरोघरच्या साध्या पीसीवर पोचला. नवीन मशीनवर अडचण एकच, चित्र आजच्या रुंद स्क्रीनसाठी बनवलेलं नाही, म्हणून ताणलेलं दिसतं. त्यासाठी चाहत्यांनी केलेला वाइडस्क्रीन फिक्स आहे, तो गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचा, मिनीमॅप आणि आकडे नीट जागेवर येतात. सुरुवातीला दुसरे मोठे मॉड टाकू नकोस, आधी आहे तसा खेळ. आणि ब्लॅकलिस्टवरच्या सुरुवातीच्या सनीपासून विकपर्यंत पैसे उडवू नकोस, एकाच गाडीवर सगळं लावलंस आणि ती जप्त झाली तर बाउंटी परत जमवताना जीव जाईल, दुसरी एखादी स्वस्तातली गाडी सुरुवातीपासून हाताशी ठेव.

रॉकपोर्टवाला

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, मजा आली. प्रथमेश, लावलास की पहिली गाडी कुठली घेतोस ते इथे सांग, कोबाल्ट, पुंटो, लेक्सस की गोल्फ. मी दरवेळी कोबाल्ट घेतो, आणि पप्पूमामा, तुमच्या भाच्याने काय घेतलं होतं तेही विचारून लिहा.